चाक बसले म्हणजे जुळले का?

गणपतीच्या आधीच्या शनिवारी पहाटे पळस्पे फाट्यावर उभे राहिले, की कोकणाकडे निघालेल्या गाड्यांची रांगच रांग दिसते. एकेकाळी या रांगेत एस.टी. आणि टपावर ट्रंका बांधलेल्या जीपगाड्या असत. आता मधूनच एखादी थार किंवा जिम्नी डोलत जाते आणि तिची चाके कंपनीची नाहीत, हे लांबूनही ओळखू येते. मडगार्डच्या बाहेर दोन-तीन बोटे आलेली, काळी, रुंद, खडबडीत टायरांची चाके! मागच्या सीटवर आजी, तिच्या मांडीवर नातू. गाडी ऐटदार दिसते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ती चाके गाडीला नुसती बसली आहेत, की जुळलीही आहेत?

जीपचे वेड आपल्याकडे नवे नाही. महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतली. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये आली, थार २०१० मध्ये, तिचा नवा अवतार २०२० मध्ये आणि जिम्नी २०२३ मध्ये. फरक पडला तो वापरात. शेतावरची, पोलिसांची आणि लष्कराची ही गाडी आता घरची झाली. त्यात मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे कित्येक पावसाळे लोकांनी खड्डे मोजत काढले. तेव्हा मोठी चाके ही हौस नसून गरजच आहे, असे गाडीमालकाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? पण दुकानात चाक निवडले जाते ते डोळ्यांनी. निवडायला हवे ते आकड्यांनी.

पहिला आकडा बोल्टांच्या वर्तुळाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला साडेपाच इंची वर्तुळावर पाच बोल्ट होते. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर. जिप्सीला आणि जिम्नीलाही हेच माप आहे. गंमत अशी, की फॉर्च्युनरचे वर्तुळही १३९.७ चेच, पण तिला बोल्ट सहा! म्हणजे नुसता ‘१३९’ ऐकून चाक घेतले, तर ते चढणारच नाही. सहा बोल्टांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांमधले अंतर टेपने सरळ मोजता येते. पाच बोल्टांत समोर भोक नसतेच. तेथे एक सोडून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १३३ मिलिमीटर भरते. तेच वर्तुळाचे माप समजून फसणारेही असतात.

दुसरा आकडा मधल्या भोकाचा. हबपेक्षा ते लहान असेल तर चाक बसत नाही. मोठे असेल तर बसते, पण मग ते नेमके मध्यावर आणण्याचा सारा भार नटांवर पडतो. त्यासाठी नटाचा उतार आणि चाकातली त्याची बैठक एकाच घाटाची असावी लागते.

तिसरा आकडा ऑफसेटचा, आणि खरी फसगत इथेच होते. चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती आत किंवा बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. तो कमी केला की चाक बाहेर येते आणि गाडी रुबाबदार दिसते. पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देते आणि वळताना टायर मडगार्डला घासू शकते. स्पेसर टाकून चाक बाहेर काढणे हाही त्यातलाच प्रकार.

चौथा आकडा टायरच्या उंचीचा. जिम्नीचे मूळ टायर १९५/८० आर १५, म्हणजे उंची ६९३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातले तर उंची ७३३ च्या वर जाते, जवळजवळ सहा टक्के जास्त. स्पीडोमीटरने मूळ टायरवर ८० चा वेग बरोबर दाखवला असेल, तर आता त्याच ८० ला गाडी ८५ च्या आसपास धावत असते. वाढलेल्या वजनाला आणि घेराला थांबवायचे काम मात्र त्याच जुन्या ब्रेककडे!

पाचवा आकडा भारक्षमतेचा. तो चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. गाडीच्या सर्वांत जड आसावर जेवढे वजन चालते, त्याच्या निम्म्याहून तो कमी असता कामा नये. लोखंडी रिम खड्ड्यात वाकते, पण बहुधा ठोकून काम निभावते. हलक्या प्रतीचे अलॉय तडकते, आणि तडकलेले चाक हातोडीला दाद देत नाही.

कायद्याचे काय? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पण हा बडगा उगारला जातो तो मालकावर, आणि तोही चाक चढल्यावर. विकताना कोणी काही विचारत नाही. कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेली मापे प्रत्येक दुकानात मराठीत टांगलेली असावीत, हे परिवहन खात्याला अवघड नाही. तसे झाले तर निम्मा घोळ काउंटरवरच मिटेल.

तोवर ग्राहकाच्या हाती एक साधा उपाय आहे. बोल्टांचे वर्तुळ, मधले भोक, ऑफसेट, टायरचे माप आणि भारक्षमता हे पाचही आकडे बिलावर लिहून मागावेत आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहावेत. दुकानदार लिहून द्यायला कांकू करत असेल, तर चाक कितीही देखणे असो, पायऱ्या उतराव्यात. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी. आणि नवी चाके लावली की पनवेलहून पेणला जाऊन परत यावे, एवढे अंतर झाल्यावर नट पुन्हा पान्याने तपासून घ्यावेत. पहिल्या धावेत ते सैल पडू शकतात.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. चाकाच्या बाबतीत ते असते, आणि ते चुकवायची पाळी मागच्या सीटवर बसलेल्यांवर येऊ नये.