केसपेपर किती निघतात?

शनिवारी रात्री साडेअकराला घरून फोन. पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाहेरगावच्या माणसाला विचारा, या वेळेला घरचा नंबर दिसला की आधी पोटात गोळा येतो. मी घाबरतच फोन उचलला, तर पलीकडे बाबा. आवाज एकदम नॉर्मल. 'झोपला नव्हतास ना? काही नाही, मस्तगडच्या घराचे कागद तुझ्याकडे आहेत का, एवढंच विचारायचं होतं.'

एवढंच? घराचे कागद म्हणजे एवढंच?

दोस्तहो, तुमच्या माहितीसाठी, मस्तगड हा जालन्याचा जुना भाग. 1725 साली निजाम उल्मुल्कच्या हुकमावरून काबिल खानानं इथे गढी बांधली, तेच मस्तगड. 'जालना सोने का पालना' ही म्हण लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या घरात सोनं बेताचंच, पण घर मात्र स्वतःचं. आजोबांनी बांधलेलं. ते घर बँकेकडे तारण ठेवायचं बाबांनी ठरवलं होतं. कारण? आमची छोटी.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. नीट दिली, मार्क बरे पडले, पण एमबीबीएसला कमी. तिला त्याचं फारसं दुःख नव्हतं, कारण तिला दातांचंच डॉक्टर व्हायचं होतं. सरकारी डेंटल कॉलेजं राज्यात मोजकीच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. तिथला कटऑफ थोडक्यात हुकला. मग उरली खासगी कॉलेजं, आणि प्रेफरन्स फॉर्म भरायला उरले पाच दिवस.

आता मी पडलो पुण्यातला 'शहाणा' दादा. माझं मत ठाम होतं. पुण्याकडचं मोठं कॉलेज, 100 जागांचं. काचेची बिल्डिंग, एसी लेक्चर हॉल, माहितीपत्रक तर एखाद्या रिसॉर्टचं वाटावं असं. वर्षाची फी साडेपाच लाख. बीडीएस चार वर्षांचं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे नुसती फीच 22 लाख. राहायला माझ्याकडे. बाबा म्हणाले, 'चालेल.' बाबांना दोन वर्षांत रिटायर व्हायचंय, तरी म्हणाले, चालेल!

नको म्हणाली ती छोटीच. 'दादा, 100 पोरांत मला कोण शिकवणार? 50 जागांची कॉलेजं पण आहेत ना.' तिच्या यादीत मराठवाड्यातली दोन होती. एकाची फी वर्षाला सव्वादोन लाख, दुसऱ्याची तीन. फी खरी की एजंटनं सांगितलेली, हा घोळ नको म्हणून आम्ही राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाची वेबसाइट उघडली. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची मंजूर फी तिथे कॉलेजवार मिळते. (अभिमत विद्यापीठांचा मामला वेगळा. त्यांच्या जागा केंद्राच्या एमसीसीमार्फत भरतात आणि फी या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाही.) आणखी एक. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारनं निर्णय घेतला, की 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींनी कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. आई झेडपीच्या शाळेत, बाबा बियाणं कंपनीत, त्यामुळे आम्ही त्या रेषेच्या वर. पण तुमच्या घरी कुणी असेल तर आधी हे तपासा, मग कर्जाचं बोला.

तर 50 की 100? मी म्हटलं, भांडत बसण्यापेक्षा जाऊन बघू. तीन दिवस सुट्टी टाकली. बॉसला सांगितलं, दाताचं काम आहे. खोटं थोडंच होतं?

पहिलं कॉलेज, स्वस्त आणि छोटं. सगळं शांत. इतकं शांत, की मला ते फार आवडलं. छोटी मात्र थेट केसपेपरच्या खिडकीपाशी गेली आणि तिथल्या काकांना विचारलं, 'काका, आज किती निघाले?' दुपारचे बारा वाजत आले होते. काका म्हणाले, 'बावीस.'

बाहेर आल्यावर तिनं मला हिशेब समजावला. डेंटलला पहिली दोन वर्षं बरीचशी मेण, प्लास्टर आणि नकली दातांवर जातात. आधी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, मग कवळी बनवायला शिकायची, दुसऱ्याचे काढलेले दात जमवून त्यांच्यावर हात बसवायचा. खरं तोंड समोर येतं ते तिसऱ्या वर्षापासून. म्हणजे ओपीडीत तिसरं वर्ष, शेवटचं वर्ष आणि इंटर्न अशा तीन बॅच. 50 जागांच्या कॉलेजात 150 जण, आणि पेशंट 22! सात जणांत एक तोंड. वर्गात सर नावानं ओळखतील, पण हातात पक्कड कधी येणार?

कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाचा एक मुलगा भेटला. त्यानं हळूच सांगितलं, कोटा पुरा करायला पोरं आपल्या खिशातून बसभाडं देऊन नातेवाइकांना बोलावतात. आम्ही चहा संपवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी माझं लाडकं काचेचं कॉलेज. केसपेपर 140. मी छोटीकडे विजयी मुद्रेनं बघितलं. तिनं फोनवर भागाकार केला. तीन बॅच, 300 जण. दोघांत एक पेशंटसुद्धा पुरता नाही. शिवाय खुर्चीसाठी नंबर लावायचा. तरीही पहिल्यापेक्षा कितीतरी बरं, हे तिनं मान्य केलं.

तिसऱ्या दिवशी तीन लाखवालं. बिल्डिंग जुनी, भिंतींचा रंग उडालेला, कँटीनचा पोहा गारढोण. एसटी स्टँडपासून जवळ. ओपीडीत मात्र बाकं भरलेली. शेतावरून आलेली माणसं, शाळेची पोरं, गाल सुजलेली एक आजी. केसपेपर 95. 150 जणांत 95, म्हणजे तीन जणांमागे जवळजवळ दोन पेशंट. एक मॅडम इंटर्नच्या मागे उभ्या राहून त्याचा आरसा धरलेला हात सरळ करत होत्या. छोटी ते बघत पाच मिनिटं तिथेच उभी. मला तेव्हाच कळलं, आपलं मत आता कुणी विचारणार नाही.

रात्री मस्तगडच्या घरी, गच्चीवर, कॅल्क्युलेटर घेऊन बैठक. 22 लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे 29 हजार. शिकत असतानाचं व्याज वेगळं. नव्या बीडीएसला एखाद्या क्लिनिकमध्ये सुरुवातीला काय पगार मिळतो, हे कुठल्याही ओळखीच्या डेंटिस्टला विचारा, हप्त्याकडे बघून हसू येईल. वर पुढे एमडीएस करायचं तर आणखी तीन वर्षं. आणि साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात. म्हणजेच, घराचे कागद.

तिसऱ्या कॉलेजचं गणित असं. फी 12 लाख, पाच वर्षांचं हॉस्टेल आणि मेस धरून आणखी 5. एकूण 17. त्यातले साडेसात लाख कर्ज, तारणाशिवाय. उरलेले साडेनऊ लाख पाच वर्षांत, म्हणजे महिन्याला साधारण 16 हजार, बाबा आणि मी मिळून. हत्यारं, पुस्तकं, एप्रन तिन्हीकडे लागणारच होते.

'पण पुण्याला तू दादाजवळ राहिली असतीस,' बाबा म्हणाले.

'बाबा, तुम्ही घर गहाण ठेवणार, दादा फ्लॅटचे पैसे मोडणार, आणि मी पाच वर्षं त्या ओझ्यानं मान वर करणार नाही. मला पेशंटकडे बघायचंय, हप्त्याकडे नाही.'

बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठले, आत गेले आणि कागदांची पिशवी परत कपाटात ठेवली. कुलूप लावल्याचा आवाज आम्हाला गच्चीवर ऐकू आला. खरं सांगतो, माझ्या कुठल्याही अप्रेझलनंतर मला इतकं हलकं वाटलेलं नाही.

तेव्हा दोस्तहो, तुमच्याही घरी कुणी या वळणावर असेल तर वर्ग 50 चा की 100 चा, एवढ्यावर थांबू नका. सकाळी ओपीडीच्या वेळेला जा. केसपेपर किती निघतात ते विचारा, भागाकार स्वतः करा. खुर्च्या मोजा, आणि त्यातल्या चालू किती तेही बघा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, आजवर किती दात काढले? ऑफिसात विचारा, इंटर्नशिपच्या वर्षाची फी घेता का, स्टायपेंड देता का? माहितीपत्रकात यातलं काहीच नसतं.

छोटीनं तेच तिसरं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं आणि पहिल्याच फेरीत ते मिळालं. निघायच्या दिवशी आजीच्या पाया पडली, तर आजी म्हणाली, 'कामून रडतीस गं? माझे तीनच दात राहिलेत. तुझं तिसरं वर्ष येईपर्यंत एक तरी राखून ठेवते. पहिला माझाच काढायचा!'

एक पेशंट तर नक्की झाला.