खिडकी, वारा आणि पुनर्वसन

पुनर्वसनातील घरांची चर्चा चौरस फुटांपाशी थांबते आणि त्या घरात माणूस मे महिन्याची रात्र कशी काढतो, हा प्रश्न कागदावर येतच नाही. मुंबईच्या मानखुर्द-गोवंडी परिसरातील नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत बहुमजली इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तेथील क्षयरोगाचा संबंध अपुरा उजेड आणि कोंडलेली हवा यांच्याशी असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. वास्तविक 'इको निवास संहिता' या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या 2018 च्या संहितेने उष्ण-दमट हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, तसेच बाह्य भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचे सरासरी प्रमाण दर चौरस मीटरला 15 वॅटपेक्षा जास्त नसावे, असे सांगितले आहे. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. खिडकीवर छज्जा, पोकळ विटांची भिंत, गच्चीवर पांढरा लेप आणि समोरासमोर झरोके एवढ्यावर बरेच साधते. परंतु खिडकी कितीही मोठी असली तरी तिच्यासमोर काही मीटरवर दुसरी भिंत असेल, तर वारा येणार कोठून? म्हणून दोन इमारतींमधील अंतरात विकासकांना मिळणारी सवलत, जी बहुधा निमूटपणे मंजूर होते, ती राज्य सरकारने प्रथम बंद केली पाहिजे.