शाळांचीं कुलुपें आणि सुशिक्षितांचें समाधान

"शाळा बंद ठेवल्या म्हणून मुलें वांचलीं, अभ्यासाचें काय, तो मागाहून भरून निघतो." करोनाच्या सांथीचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षितांच्या बैठकींत हें वाक्य हटकून ऐकूं येतें, व तें उच्चारणाराच्या मुद्रेवर एखादें कर्तव्य यथासांग पार पाडल्याचें समाधानहि दिसतें. या वाक्याचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे आणि उत्तरार्ध निखालस खोटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. सांथ ओसरून आतां कांहीं वर्षें लोटलीं. त्या वेळचें भय उरलें नाहीं, घाई उरली नाहीं. तेव्हां जमाखर्च मांडण्यास याहून चांगला काळ कोणता? परंतु तो मांडण्याची इच्छाच कोठें दिसत नाहीं, आणि म्हणूनच आम्हीं हा विषय हातीं घेतला आहे.

प्रतिपक्षाला जें देणें न्याय्य आहे तें प्रथम देऊन टाकतों. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. रोग नवा होता, तो कोणत्या वाटेनें पसरतो याचें निश्चित ज्ञान नव्हतें, लस नव्हती, आणि इन्फ्लुएंझासारख्या रोगांत मुलेंच घरोघर रोग नेतात हा पूर्वानुभव सर्वांसमोर होता. तसेंच २०२१ च्या एप्रिल-मेमध्यें, जेव्हां प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं लोक रात्ररात्र धांवत होते, तेव्हां शाळा उघडा म्हणणाराला कोणीं शहाणा म्हटलें नसतें. वाद आहे तो उरलेल्या काळाविषयीं, आणि हा उरलेला काळ फार मोठा आहे. यूनेस्कोच्या गणतीप्रमाणें भारतांतील शाळा पूर्णतः किंवा अंशतः ८२ आठवडे बंद होत्या. इतका दीर्घ काळ मुलांना घरीं बसविणारे देश जगांत फारच थोडे निघाले.

तारखांकडे नजर टाकावी. महाराष्ट्रांत उपाहारगृहें व मद्यगृहें ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या आसनांवर सुरू झालीं. नोव्हेंबरमध्यें चित्रपटगृहें उघडलीं, आणि दिवाळीच्या पाडव्यास देवळेंहि उघडलीं. त्यानंतर, २३ नोव्हेंबरपासून, नववी ते बारावीचे वर्ग भरविण्यास परवानगी मिळाली; परंतु अंतिम निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांवर सोपविला गेला, आणि मुंबईनें तो नकारार्थी घेतला. मुंबईंतील पहिली ते सातवीचीं मुलें शाळेची पायरी चढलीं तीं १५ डिसेंबर २०२१ रोजीं. पेल्याला जी परवानगी मिळाली ती पाटीला मिळण्यास चौदा महिन्यांहून अधिक काळ लागला! आणि ती तरी टिकली काय? जानेवारी २०२२ मध्यें पुन्हां कुलूप पडलें, व २४ तारखेपासून पुन्हां दारें किलकिलीं झालीं. जून २०२० मध्यें या शहरांत पहिलींत नांव दाखल झालेलें मूल पहिलीचा वर्ग न पाहतांच दुसरींत गेलें, आणि दुसरीचेंहि पहिलें सत्र त्यानें घरींच काढलें. खेड्यांचें नशीब किंचित् बरें. करोनामुक्त गांवांत आठवीपासूनचे वर्ग १५ जुलै २०२१ पासून भरविण्याची मुभा मिळाली. पण तेथेंहि लहान मुलांची पाळी शेवटींच आली.

या क्रमांतच आमच्या मतें सगळें मर्म आहे. डेन्मार्कनें १५ एप्रिल २०२० रोजीं, म्हणजे बंदीनंतर अवघ्या महिन्याभरांत, शाळा उघडल्या. आणि उघडल्या त्या सर्वांत लहान मुलांच्या. छोट्या छोट्या तुकड्या केल्या, शक्य तेथें त्यांना अंगणांत व बागेंत बसविलें, हात धुण्याची व्यवस्था केली. स्वीडननें तर सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा मुळांतच बंद केल्या नाहींत. या देशांचा विचार साधा होता. या रोगाचा धोका वयाबरोबर वाढतो, आणि शिक्षकाची गरज वयाबरोबर कमी होते. पंधरा वर्षांचा मुलगा पुस्तक घेऊन कोपऱ्यांत बसेल. सहा वर्षांच्या मुलाच्या हातांत पुस्तक दिलें तरी त्यानें त्याचें करावें काय? त्याला अक्षर गिरवून घेणारा हात पाहिजे, चुकलेला उच्चार ऐकणारा कान पाहिजे. अर्थात् ज्याला धोका सर्वांत कमी आणि ज्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्यासाठीं दार प्रथम उघडलें पाहिजे. येथें नेमकें उलटें झालें, कारण येथें शाळा म्हणजे दहावीची परीक्षा, अशी शासनाची व पालकांची एकमतानें समजूत आहे.

आतां "सुरक्षितता" या शब्दाकडे वळूं. शाळा उघडल्यावर सुरक्षिततेच्या नांवाखालीं काय काय झालें? दारांत कपाळावर पिस्तुलासारखें यंत्र रोखून ताप मोजला गेला, बांकांवर औषधें फवारलीं गेलीं, जमिनीवर पांढरीं वर्तुळें काढलीं गेलीं. हें सर्व पाहणाराला बरें वाटतें, हा त्याचा मुख्य गुण. हा रोग प्रामुख्यानें कोंदट हवेंतून पसरतो, हें २०२१ च्या मध्यापर्यंत जागतिक आरोग्य संघटनेनेंहि मान्य केलें होतें. तेव्हां खरी सुरक्षितता खिडकींत होती, फवाऱ्यांत नव्हती. अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स या शहरीं १९०८ सालीं दोन स्त्री-डॉक्टरांच्या खटपटीनें क्षयाचा संसर्ग संभवणाऱ्या मुलांसाठीं मोकळ्या हवेची शाळा निघाली. ऐन हिंवाळा, बाहेर बर्फ, आणि मुलें उबदार पिशव्यांत पाय घालून, पायांशीं तापविलेले दगड ठेवून, उघड्या खिडक्यांपाशीं धडे वाचीत होतीं! आमच्या देशावर तर ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत पाऊस बहुधा पडत नाहीं. शाळेपुढें पटांगण असतें, पाराचें झाड असतें, देवळाचा सभामंडप असतो. निसर्गानें जी सोय फुकट दिली होती तिचा उपयोग करून घ्यावा, असें कोणत्याहि मोठ्या अधिकाऱ्याच्या मनांत आलेलें दिसलें नाहीं. मनांत आलें तें यंत्र.

सांथ व शाळा यांचा प्रश्न कांहीं २०२० सालीं प्रथम जन्मला नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत अमेरिकेंतील बहुतेक शहरांनीं शाळा बंद केल्या. परंतु न्यूयॉर्कनें त्या चालू ठेवल्या. त्या शहराच्या शाळांत सुमारें दहा लक्ष मुलें होतीं, आणि त्यांतील बहुसंख्य दाटीवाटीच्या चाळींत राहणारीं होतीं. तेथील आरोग्याधिकाऱ्यांनीं असा विचार केला कीं, ज्याच्या घरीं एका खोलींत आठ माणसें निजतात त्या मुलाला शाळेच्या हवेशीर इमारतींत डॉक्टरच्या नजरेखालीं ठेवणेंच अधिक श्रेयस्कर. रोज सकाळीं शिक्षकानें प्रत्येक मूल पाहावें, शंका आली तर त्यास वेगळ्या खोलींत बसवावें, डॉक्टरनें तपासावें, व शाळा सुटतांच मुलांनीं घोळके न करतां घरीं जावें, असा नियम झाला. हें त्यांना साधलें, कारण त्यांच्या शाळांत वैद्यकीय तपासणी पूर्वींच रुजली होती व १९०२ पासून परिचारिकाहि नेमल्या जात होत्या. व्यवस्था आधीं होती, म्हणून धैर्य आलें. धारावींतील मुलाच्या बाबतींत न्यूयॉर्कचा हा युक्तिवाद दसपटीनें खरा नव्हता काय? पण धारावीकडे पाहून शाळांचा निर्णय झाला नाहीं. तो स्वतंत्र खोली असलेल्या मुलाकडे पाहून झाला.

दूर बसून शिकविण्याचाहि एक दाखला आहे. १९३७ च्या सप्टेंबरमध्यें बालपक्षाघाताच्या सांथीमुळें शिकागोच्या शाळा उघडूं शकल्या नाहींत, तेव्हां तिसरी ते आठवीच्या सुमारें सव्वातीन लक्ष मुलांना नभोवाणीवरून धडे दिले गेले. वर्तमानपत्रांनीं वेळापत्रकें व प्रश्न छापले. शंका विचारण्यासाठीं दूरध्वनीवर शिक्षक बसविले. प्रयोग मोठा हिकमतीचा खरा. परंतु लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तो तीन आठवड्यांच्या आंत आटोपला. शहाणे लोक काठीला काठीच समजतात, पाय समजत नाहींत.

आणि येथें ती काठी तरी किती जणांच्या हातीं होती? २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीप्रमाणें देशांतील शंभरांपैकीं सुमारें २४ कुटुंबांतच इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागांत तर सुमारें १५. ज्या घरांत मोबाइल होता त्या घरांतहि तो बहुधा एकच, आणि तो सकाळीं बापाबरोबर कामावर जाई. दोन भावंडें असलीं तर वर्ग कोणाचा, हा रोजचा तंटा. आणि त्या तंट्यांत बहीण हरावयाची, हें सांगावयास नको. ज्यांनीं या काळांत खरोखर शाळा चालविल्या ते निराळेच लोक. मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक घेऊन "बोलकी शाळा" फिरली. सोलापूरच्या नीलमनगरांत शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, म्हणजे मुलानें आपल्या दारांत उभें राहून वाचावे. या कल्पकतेपुढें आम्ही नम्र आहों. परंतु हे शिक्षक आपल्या हिकमतीनें भिंती रंगवीत असतां त्यांचेच व्यवसायबंधु काय करीत होते? कोणी तपासणी-नाक्यावर उभे होते, कोणी घरोघर ताप मोजीत होते. शिकविणें हें सोडून बाकी सर्व कामांसाठीं शिक्षक "अत्यावश्यक" ठरला. लशीच्या वेळीं मात्र तो तसा ठरला नाहीं. लसीकरण जानेवारी २०२१ मध्यें सुरू झालें. सर्व शिक्षकांना लस टोंचून घ्या, असें केंद्र सरकारनें राज्यांना निकडीनें सांगितलें तें ऑगस्टअखेर, शिक्षकदिन तोंडावर आल्यावर. घरांतील वडीलधाऱ्यांची व शिक्षकांची काळजी हें जर बंदीचें खरें कारण होतें, तर त्यांना प्रथम लस देऊन शाळा प्रथम उघडणें हाच त्या काळजीचा सरळ अर्थ झाला असता.

"अभ्यास मागाहून भरून निघतो" याचा निकाल तर आंकड्यांनींच लावला आहे. तिसरींतील ज्या मुलांना दुसरीचें पुस्तक वाचतां येतें त्यांचें ग्रामीण भारतांतील प्रमाण, "असर"च्या पाहणीप्रमाणें, २०१८ मध्यें शेंकडा २७.३ होतें, २०२२ मध्यें तें २०.५ वर आलें. मुळांतच लाजिरवाणा असलेला आंकडा आणखी एक चतुर्थांशानें खालीं गेला. या गळतीवर तोडगा म्हणून महाराष्ट्रांत जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा "सेतु अभ्यासक्रम" आंखण्यांत आला, आणि तोहि बहुतेक ठिकाणीं मुलें घरीं असतांनाच! दुसऱ्या टोंकाला दहावीचा निकाल पाहा. २०२१ सालीं लेखी परीक्षा रद्द झाली व निकाल शेंकडा ९९.९५ लागला, नापास विद्यार्थी पाहावयाचा तर दोन हजार मुलें तपासावीं लागलीं असतीं. या गुणांपैकीं निम्मे नववीच्या निकालावरून घेतले होते, आणि त्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा आदल्या वर्षींच रद्द झालेली होती. नसलेल्या परीक्षेच्या पायावर न झालेल्या परीक्षेचा कळस चढविला गेला. ही तुकडी २०२३ मध्यें महाविद्यालयांत आली, आणि आम्ही तिला रोज पाहत आहों. या मुलांची बुद्धि तिळभरहि उणी नाहीं. परंतु चार पानें सलग लिहितांना त्यांचा हात थकतो, व तासभर एका विषयावर मन ठेवणें त्यांना शिक्षा वाटते. याचा दोष त्यांच्या माथीं मारणारे प्राध्यापक आम्हांस भेटतात, तेव्हां आम्हांस विस्मय वाटतो.

मग इतकें सर्व होत असतां सुशिक्षित मध्यमवर्ग काय करीत होता? तो स्वस्थ होता असें नाहीं. शाळांच्या शुल्काच्या प्रश्नावर पालक संघटित झाले, मोर्चे निघाले, न्यायालयांत दावे गेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्यें शासनाकडून शेंकडा १५ कपातीचा हुकूमहि त्यांनीं मिळविला. म्हणजे आवाज होता, वकील होते, वर्तमानपत्रांचे रकाने होते. त्या आवाजांत "शाळा उघडा" ही मागणी फारच क्षीण ऐकूं आली. ज्यांचें मूल संगणकापुढें बसलें होतें त्यांना घाई नव्हती. ज्यांचें मूल शेतावर, वीटभट्टीवर किंवा धाकट्या भावंडापाशीं बसलें होतें त्यांना आवाज नव्हता. शाळेंत शिजणाऱ्या दुपारच्या जेवणाच्या ऐवजीं तांदूळ व डाळ घरीं पोंचविण्याची तजवीज झाली, परंतु त्या जेवणाच्या निमित्तानें शाळेंत येणारें मूल शाळेंत आलें नाहीं.

पुढची सांथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण ती येईल त्या दिवशीं निर्णय घाईनेंच होणार, म्हणून कांहीं गोष्टी आजच कागदावर आल्या पाहिजेत. लहान वर्ग शेवटीं बंद व प्रथम सुरू. मद्यगृह उघडें असेल त्या गांवांत शाळा बंद ठेवतां येणार नाहीं. शिक्षकास अध्यापनावांचून दुसरें काम नाहीं, आणि लशीच्या रांगेंत तो डॉक्टरच्या पाठोपाठ. प्रत्येक कांहीं शाळांमागें एक परिचारिका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन-समितींत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत; इतर शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण अशा समित्यांवर असतील. त्यांनीं निदान एवढें करावें: आपल्या शाळेच्या खोल्या एकदां हिंडून पाहाव्या, किती खिडक्या उघडतात व किती गंजून बसल्या आहेत तें मोजावें, आणि पटांगणांत एकाच वेळीं किती वर्ग बसूं शकतात याचा आराखडा मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावा. या कामास सरकारी ठराव लागत नाहीं. तें येत्या जूनपूर्वीं होऊं शकतें.