काम दूरदेशी, लगाम मायदेशी

फ्रान्सच्या कॅपजेमिनी कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूएनएस ही कंपनी सुमारे ३.३ अब्ज डॉलरना ताब्यात घेण्याचा व्यवहार पूर्ण केला. उद्योगविश्वात नित्य होणाऱ्या खरेदी-विक्रीपैकीच हा एक व्यवहार. परंतु या कंपनीची जन्मकथा पाहिली, तर गेल्या तीन दशकांत जागतिक उद्योगांनी कामाच्या वाटणीविषयी बदललेले बहुतेक डावपेच तिच्यात सापडतात. ब्रिटिश एअरवेजने आपली कार्यालयीन कामे करून घेण्यासाठी १९९६ मध्ये मुंबईत ‘वर्ल्ड नेटवर्क सर्व्हिसेस’ सुरू केली. २००२ मध्ये तिचा मोठा हिस्सा वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूक संस्थेने घेतला, २००६ मध्ये तिची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी झाली आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे ग्राहकांचे कामकाज चालवून देऊ पाहणाऱ्या कंपनीच्या हाती ती गेली आहे.

काम परदेशी पाठवण्याच्या प्रवाहाची चर्चा आपल्याकडे बहुधा स्वस्त मनुष्यबळापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पगारातील तफावत हे या प्रवाहाचे पहिले कारण होते, यात शंका नाही. मात्र कोणते काम दुसऱ्याच्या हाती सोपवायचे आणि कोणत्या कामाचे ज्ञान आपल्याकडे राखायचे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. बड्या कंपन्यांचे धोरण आज या प्रश्नाभोवती फिरते.

या साऱ्याचा पाया दूरसंचार जाळ्याने घातला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बेंगळुरूमध्ये केंद्र उघडले, तेव्हा उपग्रहाच्या दुव्यावरून माहिती पाठवणे ही मोजक्या कंपन्यांनाच परवडणारी गोष्ट होती. नव्वदच्या दशकात समुद्राखालून ऑप्टिकल फायबर केबल टाकण्याची जगभर चढाओढ लागली आणि २००१-०२ मध्ये तो फुगा फुटला. ग्लोबल क्रॉसिंग, वर्ल्डकॉम आणि फ्लॅग टेलिकॉम या कंपन्यांनी २००२ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला. पण कंपन्या बुडाल्या तरी केबल जागेवरच राहिल्या. रिलायन्सने २००४ मध्ये फ्लॅगचे, तर व्हीएसएनएलने २००५ मध्ये टायकोचे जागतिक जाळे विकत घेतले. आंतरराष्ट्रीय दूरध्वनी सेवेतील व्हीएसएनएलची मक्तेदारीही एप्रिल २००२ पासून संपुष्टात आली होती. पाश्चात्त्य गुंतवणूकदारांनी गमावलेल्या पैशांवर भारताला स्वस्त बँडविड्थ मिळाली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

जाळे स्वस्त झाले तसे डावपेच बदलले. जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये गुडगावमध्ये स्वतःचे सेवा केंद्र उभारले. पुढे हे कौशल्य रुजल्यावर, २००४ मध्ये, कंपनीने त्यातील ६० टक्के हिस्सा जनरल अटलांटिक आणि ओक हिल या गुंतवणूक संस्थांना सुमारे ५० कोटी डॉलरना विकला आणि स्वतः त्या केंद्राची ग्राहक बनली. तेच केंद्र पुढे ‘जेनपॅक्ट’ म्हणून नावारूपाला आले. हिशेब सरळ होता. देयके तपासणे हा विमान कंपनीचा वा इंजिन बनवणाऱ्या उद्योगाचा मूळ धंदा नव्हे, तेव्हा ते काम त्यात वाकबगार असलेल्यांकडे सोपवावे आणि अडकलेले भांडवल मोकळे करावे.

या हिशेबातील उणीव कालांतराने दिसली. जनरल मोटर्सने आपल्या माहिती तंत्रज्ञानाचे सुमारे ९० टक्के काम बाहेरच्यांकडे दिले होते. २०१२ मध्ये कंपनीने हे प्रमाण उलटे करून ९० टक्के काम स्वतःकडे घेण्याचे ठरवले आणि ह्यूलेट-पॅकार्डचे सुमारे ३ हजार कर्मचारी आपल्या सेवेत घेण्याचे जाहीर केले. मोटारीपासून विम्यापर्यंत प्रत्येक उत्पादनात सॉफ्टवेअर शिरल्यावर, जे पूर्वी कचेरीचे कारकुनी काम होते तेच उत्पादनाचे मर्म झाले. ते कंत्राटदाराच्या हाती ठेवणे धोक्याचे वाटू लागले.

परंतु काम घरी घेणे म्हणजे ते मायदेशी नेणे नव्हे. बहुतेक कंपन्यांनी मधला मार्ग काढला. स्थान भारतात, मालकी मात्र स्वतःची. ‘ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर’ किंवा जीसीसी म्हणतात ती हीच केंद्रे. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे होती, त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते आणि त्यांचे उत्पन्न ६४.६ अब्ज डॉलर होते. गोल्डमन सॅक्सचे न्यूयॉर्कखालोखाल सर्वांत मोठे कार्यालय बेंगळुरूमध्ये आहे. बार्कलेज आणि डॉइश बँक यांची तंत्रज्ञान केंद्रे पुण्यात आहेत. राज्य मंत्रिमंडळानेही २०२५ मध्ये अशा केंद्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले.

तथापि, ज्या जाळ्याने काम आणले तेच जाळे ते अन्यत्र नेऊही शकते. कॉल सेंटरमधील संभाषणाच्या कामात फिलिपिन्सने २०१० च्या सुमारास भारताला मागे टाकले. जाळे तुटते, तेव्हाही अवलंबित्व उघडे पडते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट सेवेला झळ बसली. यात राजकारणाची भर पडते. नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावण्याचा निर्णय अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. त्याच महिन्यात परदेशी पाठवलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर सुचवणारे विधेयक सिनेटमध्ये मांडले गेले. पहिल्या उपायामुळे माणसांऐवजी कामच भारतात पाठवणे कंपन्यांना सोयीचे ठरू शकते, तर दुसरा प्रत्यक्षात आल्यास त्याच सोयीवर घाव बसेल. एकाच राजधानीतून निघालेले हे परस्परविरोधी संकेत लक्षात घेऊनच कंपन्यांना गुंतवणूक ठरवावी लागते.

हिंजवडी आणि खराडीत नोकरी करणाऱ्यांसाठी या डावपेचांचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. देयके तपासणे, संगणकप्रणालीची चाचणी घेणे, तक्रारींना उत्तरे देणे ही नवख्या पदवीधराला शिरकाव करून देणारी कामे होती. कृत्रिम बुद्धिमत्तेचा रोख प्रथम याच कामांवर आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे जवळपास १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याची झळ प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीला बसणार असल्याचे सांगण्यात आले. खालची पायरी निसरडी आणि मधली अरुंद, अशी ही स्थिती आहे.

म्हणूनच किती केंद्रे आली आणि किती नोकऱ्या मिळाल्या, एवढ्या मोजदादीवर राज्याने समाधान मानू नये. त्या केंद्रांत उत्पादनाची आखणी कोण करतो, अंदाजपत्रकावर सही कोणाची असते आणि तयार झालेल्या तंत्रज्ञानाचे पेटंट कोणाच्या नावे नोंदले जाते, हेही विचारले गेले पाहिजे. निर्णयाचा अधिकार जेथे मुरतो, तेथून काम हलवणे मुख्यालयाला जड जाते. जेथे फक्त काम येते, तेथून ते हलवायला केबलचे दुसरे टोक पुरेसे असते.