दोरीवरचे लंगोट

गेल्या रविवारी आम्ही शाळेतल्या पाच जणी बाळ बघायला गेलो होतो. आमच्याकडे चित्रकला शिकवणारी मुलगी (मुलगीच म्हणते मी, सव्वीस वर्षांची आहे) दीड महिन्यापूर्वी बाळंत झाली. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. झबली-टोपडी, एक दुपटं आणि आळिवाचे लाडू घेऊन आम्ही गेलो आणि पाऊण तासात तिला रडवून परत आलो.

रडवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की बाळ संध्याकाळी सहाला जे किरकिर सुरू करतं ते नऊ-साडेनऊपर्यंत. दर अर्ध्या तासाला पाजावं लागतं, आणि रात्री पुन्हा तीनदा उठतं. झालं! गणिताच्या बाई म्हणाल्या, "अगं, दूध पुरत नाहीये त्याला." दुसरीने शेपू आणि खसखशीची खीर सुचवली. तिसरीच्या पुतणीने म्हणे रात्री एक बाटली वरच्या दुधाची सुरू केली, तेव्हापासून मूल सहा तास डोळा उघडत नाही. आमच्या मोठ्या बाईंनी जायफळाचे चार वेढे सांगितले. मी तरी कुठे गप्प होते? "त्याच्या डोक्याखालची ती मोहरीची उशी आधी काढ," असं मी पुस्तक वाचून दाखवावं तशा सुरात म्हणाले. सासूबाईंना जोर आला. "मी तेच म्हणते, हिचं दूध पातळ आहे." फडताळात पावडरीचा नवा डबा आणि बाटली आणून ठेवलेली होती. तिने एकदा डब्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

रात्री भांडी आवरताना माझ्या एकदम लक्षात आलं. त्यांच्याकडे गॅलरीतून आत जावं लागतं, आणि गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर ओले लंगोट होते. आम्ही पाचही जणी त्यांच्याखालून वाकून आत गेलो आणि आत जाऊन म्हणालो, दूध पुरत नाही!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच पुन्हा गेले. का गेले ते सांगितलं पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या थोरलीच्या वेळी हेच झालं होतं. जिथे बाळंत झाले तिथे दुसऱ्याच रात्री, मला न विचारता, तिला बाटली दिली गेली. घरी आल्यावर जो तो म्हणे, पोट भरत नाही तिचं. मलाही ते खरं वाटू लागलं. मग डबा आला. पावडर पचायला जड पडेल या भीतीने, आणि खोटं कशाला सांगू, डबा चार दिवस जास्त पुरावा म्हणूनही, मी त्यात मापापेक्षा जास्त पाणी घालत असे. बाटली उकळायचा कंटाळाही होताच. अडीच महिन्यांची असताना तिला असे जुलाब लागले की तीन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. तेवढ्यात माझं दूध जवळजवळ आटलं. बी.ए. झालेली बाई मी. पण दूध कशाने येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तर ऐका. दूध येतं ते ओढण्याने. बाळ जितकं ओढेल आणि छाती जितकी रिकामी होईल, तितकं नवं तयार होतं. वरची एक बाटली दिली की बाळ तेवढं कमी ओढतं, अंगावरचं दूध तेवढं कमी होतं, मग दुसरी बाटली लागते. पुरत नाही म्हणून सुरू केलेलं वरचं दूधच पुढे अंगावरचं पुरू देत नाही. आळीव, डिंक, खसखस यांना माझा विरोध नाही. बाळंतिणीला चार घास प्रेमाने मिळतात हे थोडं नाही. पण लाडू खाऊन पाजण्याची वेळ चुकवली तर त्या लाडवाचा दुधाला काही उपयोग नाही.

आणि 'पातळ दूध' म्हणजे काय, तर पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध निळसर, पाणीदारच दिसतं. दाट, सायीचं दूध मागाहून येतं. म्हणून एका बाजूचं बाळाने पुरतं संपवल्यावर मगच दुसरी बाजू द्यावी. घड्याळ बघून पाच-पाच मिनिटांनी बदलू नये. आईच्या दुधात शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं, म्हणून पहिले सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, वैशाखातसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं हेच आहे, की सहा महिने फक्त आईचं दूध. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध किंवा 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे सोडून.

पुरतंय की नाही हे मग कळायचं कसं? रडण्यावरून नाही. रडणं सर्वच बाळांचं पहिल्या आठवड्यांत वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप उतरतं. संध्याकाळी पुन्हापुन्हा पिणं हीही त्यांची रीतच आहे. पोट लहान, आणि वाढ मात्र भराभर. तेव्हा बघायचं ते दोरीकडे. पहिला आठवडा उलटला की चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत, आणि लघवी पिवळीजर्द नको. दुसरं बघायचं ते वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे पहिले तीन महिने रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ झाली की निश्चिंत असावं.

आम्ही दोघींनी त्या दिवशीचे लंगोट मोजले. सकाळपासून सात झाले होते आणि अजून रात्र जायची होती. मग डॉक्टरांचं कार्ड काढलं. जन्माला दोन किलो सातशे, परवाच्या लशीच्या वेळी तीन किलो सहाशे! कार्ड ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलेलं होतं. सासूबाईंनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "मग रडतो का मेला?" मी म्हटलं, "काकू, संध्याकाळी तुम्हाला तरी कुठे बरं वाटतं?" हसल्या. त्या वाईट नाहीत हो. त्यांनीही आपली तीन मुलं अशीच कुणाकुणाचं ऐकून वाढवली.

जायफळाचं मात्र मी स्पष्टच बोलले. सहाणेवर किती वेढे उगाळले याला माप नसतं, आणि जायफळ जास्त झालं तर बाळाला गुंगी येते. ती गुंगी आहे, झोप नाही. सहा महिन्यांच्या आत गुटी नकोच, आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरसुद्धा चाटवू नये. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करू शकत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची हौस असेल तर अंगठी नुसती ओठांना लावा.

झोपेविषयी. तान्हं बाळ दिवसरात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. दिवस कुठला आणि रात्र कुठली, हे त्याच्या शरीराला दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत नीट उमगत नाही. रात्रीचं पाजणं तोडू नका. आईच्या अंगात दूध तयार करणारा रस रात्रीच जास्त असतो, तेव्हा रात्रीच्या पाजण्यावर दिवसाचं दूध तगतं. फक्त रात्री दिवा मंद ठेवावा, बोलणं-खेळवणं करू नये, आणि दिवसा खिडकीचा उजेड आत येऊ द्यावा. झोपवायचं ते पाठीवर, घट्ट गादीवर आणि आईच्याच खोलीत. वेगळं अंथरूण असेल तर उत्तम. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं हे मला ठाऊक आहे, मीही घेऊन झोपले आहे. पण मग निदान जड गोधडी, उशा आणि भिंतीकडची फट नको. घरात कुणी दारू-सिगारेट घेणारं असेल तर त्या अंथरुणावर बाळ मुळीच नको. मोहरीची उशी मी काढायला सांगितली ती याच कारणाने, की तान्ह्याच्या तोंडाजवळ मऊ, सरकणारं काही असू नये. डोकं गोल राहावं असं वाटत असेल तर बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, थोडा थोडा वेळ पालथं ठेवावं.

आता खरा प्रश्न राहतो बाईच्या झोपेचा. दूध पाजणं बापाला येत नाही हे खरं, पण पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं हे सगळं त्याला येतं. आमच्या धाकट्याच्या वेळी हे काम ह्यांनी केलं. पहिल्या रात्री लंगोट उलटा बांधला, चौथ्या रात्री माझ्यापेक्षा चांगला. ह्या मुलीच्या नवऱ्याला मी त्याच्या आईदेखतच सांगितलं, रात्री दोनचं उठणं तुझं. आणि काकूंना म्हटलं, सहा ते आठ नातवाला तुम्ही फिरवा, भूक लागली की तेवढा आईकडे द्या, आणि मधल्या वेळात हिला आडवं होऊ द्या. पोळ्या एक दिवस बाहेरून आल्या तर काही बिघडत नाही.

डब्याविषयी दोन शब्द, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. काही बायांना खरोखरच दूध कमी येतं. काहींचं दुखणं किंवा औषध आड येतं, कुणाला जुळी होतात. त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलं तर डबा जरूर आणावा. पण उकळलेलं पाणी, डब्यावर लिहिलं असेल तेच माप, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं. ते घासायला सोपं, त्यामुळे जुलाबाची भीती कमी. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला बंदी आहे, आणि आईचं दूधच बाळाला सर्वोत्तम, हे डब्यावरच छापावं लागतं. त्या फडताळातल्या डब्यावरही ते होतं. आम्हा कुणाची नजर तिथवर गेली नव्हती.

आणि हे मात्र घरात बसून ठरवू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, ते प्यायलाच तयार नसलं, मलूल पडून राहिलं, श्वास भरभर चालला किंवा सहा-आठ तास लंगोट कोरडाच राहिला, तर त्याच वेळी डॉक्टर गाठा. आईला दोन आठवड्यांनंतरही सारखं रडू येत असेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर तिलाही न्या. 'बाळंतपणात होतंच असं' म्हणून गप्प बसू नका.

काल शाळेत तिचा फोन आला. संध्याकाळचं रडणं तसंच आहे. डबा अजून फोडलेला नाही, काकूंनी तो दुकानदाराकडे परत करायला नेला होता, पण तो घेत नाही म्हणून दोघांत वाद झाला. दोरी कमी पडते, दुसरी बांधली आहे.

सहा महिन्यांनंतर काय भरवायचं, वरणभाताचा मऊ गुरगुट्या आधी की नाचणीचं सत्त्व, असं दोघी-तिघींनी विचारलं आहे. उष्टावणाचं ते पुढच्या आठवड्यात लिहीन.