काकडीच्या नावाने परमिट रूम नको

आजची नोंद आधी. काकडी चौथ्या पानावर आहे आणि लाल भुंगेरे आलेत. सकाळी ऊन लागायच्या आत ते सुस्त असतात, तेव्हा हाताने टिपून साबणाच्या पाण्यात टाकतोय. फवारा अजून काढलेला नाही. वालाच्या शेंगांची दुसरी तोडणी झाली, माल अंबरनाथ पश्चिमेला नेला. तिथून डोकं तापवून आलोय, म्हणून आज शेतापेक्षा बाजाराचंच जास्त लिहिणार.

कल्याण-बदलापूर रस्त्यालगत एक हॉटेल आहे. नाव घेत नाही. तीन वर्षं माझी काकडी, लिंबू, कोथिंबीर तिथे जाते आणि पैसे वेळेवर मिळतात, हेही सांगितलं पाहिजे. मालकाने आता परमिट रूमसाठी अर्ज केलाय. मागच्या चाळीतल्या बायकांनी विरोधाचा कागद फिरवायला घेतला आणि भाजीवाल्यांकडेही सही मागितली. तेवढ्यात शेठ मला म्हणाले, "तुम्ही कशाला सही करता दादा? परमिट मिळालं की तुमचीच काकडी दुप्पट लागणार ना!"

काकडी दुप्पट लागेल, हे खरंच आहे. पण हे वाक्य मी याआधी मोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. 2007 मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारने अनुदान जाहीर केलं, तेव्हा सांगितलं होतं की काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला मान्यता दिली, तेव्हा द्राक्षवाल्याचं नाव पुढे केलं. पुढे तो निर्णय गुंडाळून ठेवला, ती गोष्ट वेगळी. जून 2025 मध्ये 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा धान्यापासूनच्या दारूचा नवा प्रकार काढला. दरवेळी दारूच्या गाडीला बैल म्हणून जुंपायला आम्हीच! आमच्या तालुक्यात भात आणि भाजी करणाऱ्याला यातून काय मिळालं ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

बरं, चाळीतल्या बायका तो कागद घेऊन नव्या नगरसेवकाकडे गेल्या. पालिकेची मुदत 2020 मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासकच होता. 20 डिसेंबर 2025 ला एकदाचं मतदान झालं आणि लोकांना वाटलं, चला, आता विचारायला आपलं माणूस आहे. तो माणूस म्हणाला, "ताई, आम्ही फार तर ठराव करू. परवाना कलेक्टर देतात." तो खोटं बोलला नाही. अर्ज जातो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, परवाना मिळतो जिल्हाधिकाऱ्यांकडून. रस्ता, गटार, दिवाबत्ती आणि रात्रीचा कचरा तेवढा पालिकेचा. तिथे दारू विकायची की नाही, यात तिचा शब्द शेवटचा नाही.

आता यातली गंमत बघा. 15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली होती. जुलै 2017 मध्ये खुलासा आला की पालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ती लागू नाही. म्हणजे हद्द पालिकेची म्हणून बारला सूट मिळाली, पण त्याच पालिकेला नकाराचा हक्क मिळाला नाही.

आणि कल्याणला गाडी बदलली की कायदाच बदलतो. कसारा लाईनवर शहापूर तालुका पेसा क्षेत्रात आहे. 1996 च्या या कायद्याने तिथल्या ग्रामसभेला दारूवर बंदी किंवा निर्बंध घालायचा अधिकार दिलाय आणि 2014 मध्ये महाराष्ट्राने त्याचे नियमही केले. तो कायदा आदिवासी स्वशासनासाठी आहे, ते मला कळतं. पण पाड्यावरची ग्रामसभा हा निर्णय घेऊ शकते, तर कर्जत लाईनवरची निवडून आलेली नगरपालिका का नाही? ग्रामसभेहून तिला अक्कल कमी आहे का?

कुणी म्हणेल, नको असेल तर मतदान घ्या, आडवी बाटली आहेच. आहे ना, 2008 चा आदेश आहे. पण तो परवाना दिल्यानंतरचा इलाज आहे. आधी वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होणार, मग गुप्त मतदान. त्यात आडव्या बाटलीला यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या नावांच्या! समजा यादीत 2,000 बायका आहेत. 1,001 जणींनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. जी त्या दिवशी सहा पंचवीसच्या लोकलने कामावर गेली, जी नांदायला डोंबिवलीला गेली, जी वारली पण नाव अजून यादीत आहे, त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्या जातात. असं बहुमत आमदाराला लावलं तर किती निवडून येतील?

मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं की हाउसिंग सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना-हरकत लागेल. चांगलं केलं. परवान्याआधी विचारता येतं, हे त्यावरून सिद्धच होतं. फक्त चाळीला सोसायटी नसते, फुटपाथवर वाटे लावून बसणाऱ्या आमच्या बायकांनाही नसते.

अंतराचंही बघा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत मला विहीर खणायची तर परवानगी लागते. बरोबर आहे, शेजाऱ्याचं पाणी तुटू शकतं. परमिट रूमने शाळेपासून राखायचं अंतर 75 मीटर. माझ्या काकडीची एक सरी त्याहून फार कमी नाही.

मी दारूबंदीवाला नाही. चंद्रपुरात 2015 ला बंदी घातली आणि 2021 ला उठवली, चोरटी दारू वाढली म्हणूनच. मालवणीत 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. परवाने बंद केले की लोक गावठीकडे वळतात, हा मुद्दा मला मान्य आहे. पण म्हणून प्रत्येक हॉटेलला परमिट रूम दिलीच पाहिजे, असं होत नाही. आमच्या बाजूला वडोदरा महामार्गाला जमिनी गेल्या. माझ्या चुलत भावाला मोबदला आला तेव्हा त्याच्या तोंडी ट्रॅक्टर होता, बोअर होती, मुलीचं शिक्षण होतं. दोन वर्षांत ट्रॅक्टर नाही, बोअर नाही. रोज संध्याकाळी कुठे बसायचा ते सगळ्या गावाला माहीत होतं. ते ठिकाण कायदेशीर होतं, परवाना भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला होता. त्यात दोष त्याचाही आहे, मी नाकारत नाही. वहिनी आता दुसऱ्याच्या भाताच्या लावणीला जाते.

मागणी एवढीच आहे. नवीन परमिट रूमचा अर्ज आला की तो आधी पालिकेच्या सभेसमोर यावा. जागेवर नोटीस लागावी, वॉर्डातल्या लोकांना हरकतीला महिनाभर मुदत मिळावी, कुणी हो म्हटलं आणि कुणी नाही म्हटलं ते इतिवृत्तात नावानिशी यावं. सभेने नाही म्हटलं तर कलेक्टरांनी तो अर्ज पुढे नेऊ नये. मग पालिकेने हो म्हटलं तरी चालेल, निदान पुढच्या निवडणुकीत विचारता तरी येईल. भुंगेरा चौथ्या पानावर टिपला तर हाताने निघतो. वेल मांडवावर गेल्यावर तोच टिपत बसा म्हणणाऱ्याला आपण शेतकरी म्हणत नाही.

मी सही केली. शेठना तसं तोंडावर सांगितलंय. या हंगामाची काकडी ते घेतील की नाही माहीत नाही, म्हणून उल्हासनगरला दोन व्यापाऱ्यांना विचारून ठेवलंय. तोडा मार्चमध्ये सुरू होईल, कुणाला थेट हवी असेल तर मेसेज करा.

आणि शहापूरकडच्या कुणाकडे दारूबद्दलचा ग्रामसभेचा ठराव असेल तर त्याचा फोटो पाठवा. नगरसेवकाला दाखवायचाय.