उत्तर बरोबर, रीत नाही

तीन वर्षांपूर्वी लेकीकडे सिंगापूरला गेलो होतो. मॉल बघून बघून पाय दुखायला लागले तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला म्युझियम आवडेल." एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियमच्या एका दालनात नवव्या शतकात बुडालेल्या जहाजाचा माल मांडला आहे. सोन्याच्या पेल्याभोवती गर्दी होती. आम्ही दोघे मात्र वाडग्यांपाशीच रेंगाळलो. चीनमधल्या चांग्शाच्या भट्ट्यांतले साधे वाडगे. कशावर पक्षी, कशावर मासा, कशावर नुसताच झपझप फिरवलेला कुंचला. ही म्हणाली, "अहो, हे तर रोजच्या वापराचे!" होतेच तसे, हजारांनी काढलेले.

हे जहाज १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ सापडले, तेही समुद्रकाकडी गोळा करणाऱ्या पाणबुड्यांना. जवळपास ६० हजार भांडी! पुष्कळसे वाडगे मोठ्या रांजणांत रचून भरलेले, म्हणून अकराशे वर्षे खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांची चकाकी टिकली. एका वाडग्यावर चिनी तारीख आहे, ती इ. स. ८२६ मधली. जहाज मात्र चिनी नव्हते. अरबी धाटणीचे, फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेल्या. इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफ बंदरातही चांग्शाच्या भांड्यांच्या खापऱ्या मिळाल्या आहेत. म्हणजे तिकडे पोचलेल्या मालाचे तुकडे होते, इथे वाटेतला अख्खा माल हाती आला.

आता वादाचे. माल वर काढला एका खाजगी कंपनीने, सरकारी परवाना घेऊन पण विकण्यासाठी. २००५ मध्ये सिंगापूरने बहुतेक संग्रह सुमारे ३ कोटी २० लाख डॉलरला घेतला. २०१२ साली अमेरिकेत स्मिथसोनियनमध्ये त्याचे प्रदर्शन भरायचे होते. अशा व्यापारी उत्खननाला प्रतिष्ठा देऊ नका, असे म्हणत पुरातत्त्वज्ञांनी विरोध केला आणि २०११ मध्ये तो बेत बारगळला.

माझे एक स्नेही म्हणतात, "कंपनीने काढला नसता तर चोरांनी नेला असता." खरे आहे, लुटालूट सुरूही झाली होती. आणि माल सुटा सुटा लिलावात गेला नाही, हे सिंगापूरचे उपकारच. म्हणून प्रदर्शन रद्द करणे मला पटले नाही. झाकून ठेवल्याने काय साधते? पण विरोध करणारेही चुकीचे नव्हते. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत गायब असली की मी निम्मेच गुण देत असे. पालक भांडायला येत, तरी देत नसे. वस्तू कुठे, कशाशेजारी पडली होती ही तिची रीत. ती जागच्या जागी, सावकाश नोंदायची असते, आणि विकायची घाई असलेल्याला सावकाश कसे परवडणार? प्रदर्शन भरवावे, पण माल कसा वर आला तेही तिथेच, ठळक अक्षरांत लिहावे.

त्या मालात शाई उगाळायचा एक दगड आहे. विकायला चालला होता, की जहाजावर बसून कोणी हिशेब लिहीत होते? बाहेर पडताना हिचा प्रश्न वेगळाच. चक्रीफूलही निघाले म्हणे, ते पेठेतले की खलाशांच्या कालवणातले?